वरचं गणित, खालचं गणित

निवृत्त झाल्यापासून मला शाळाशाळांतून भाषणाला बोलावतात. विषय ठरलेला: 'मी विज्ञानाकडे कशी वळले'. माझ्या आधी बोलणारे कुणीतरी डॉक्टर नाहीतर इंजिनिअर असतात आणि त्यांना लहानपणी चांदण्या बघून प्रश्न पडलेले असतात. एक गृहस्थ म्हणे मुंग्यांची रांग बघत तासन्‌तास अंगणात बसायचे. मी अशा माणसांकडं नीट बघून घेते. त्यांना मुंग्या बघत बसू दिलं, म्हणजे घरात पाणी, सरपण आणि शेरडं बघायला दुसरं कुणीतरी होतं. हे दुसरं कुणीतरी कधी भाषणाला येत नाही.

मी शिकले ती शाळा जळकोटच्या पुढं, हमरस्त्यापासून आत असलेल्या एका गावात होती. तिथून सायन्सला गेलेल्या पोरांची कारणं मला पाठ आहेत आणि त्यांत जिज्ञासा औषधालाही नव्हती. तलाठ्याचा मुलगा गेला, कारण तलाठ्याच्या साहेबांचा मुलगा गेला होता. किराणा दुकानदाराचा गेला, कारण सोलापूरच्या त्याच्या मामानं 'आर्ट्सला पोरी जातात' असं सांगून ठेवलं होतं. चेअरमनसाहेबांचा पुतण्या गेला, कारण तो चेअरमनसाहेबांचा पुतण्या होता. माझं कारण सांगायला थोडा वेळ लागेल.

त्या वेळी अकरावीला मॅट्रिक होती. नववीत गेलं की गणित दोन प्रकारचं व्हायचं आणि त्याला सरळ वरचं गणित, खालचं गणित असंच म्हणत. वरच्यात बीजगणित आणि भूमिती. खालच्यात नफा-तोटा, सरळव्याज आणि हौदाला लावलेले दोन नळ. वरचं घेतलं नाही तर सायन्स कॉलेजचं दार कायमचं बंद. कुणाला कुठलं द्यायचं हे आठवीच्या निकालाच्या वेळी हेडमास्तर ठरवत. मार्क बघून ठरवतो, असं ते सांगायचे. प्रत्यक्षात पोर कुणाचं, कुठल्या गल्लीतलं आणि मुलगा की मुलगी, एवढं बघितलं की त्यांचं काम भागायचं. मुलींना तर खालचं गणित न विचारताच मिळे. मला वरचं हवं होतं आणि मी आठवीत होते.

आम्ही बौद्ध. माझ्या जन्माआधीच आमच्या वस्तीनं धम्म घेतला होता आणि घरातले देव गावाबाहेर नेऊन सोडले होते. गावानं मात्र ही गोष्ट मनावर घेतलेली नव्हती. त्यात ते दुष्काळाचं साल. विहिरींचे तळ दिसत होते, टँकर आला तर आला. वडील हमरस्त्यावर गँगमन होते, म्हणून घरात पगार तरी होता. आई खडी फोडायच्या कामावर जात होती. शाळेच्या व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचा रांजण होता आणि तो भरायला पाणी नव्हतं, तेव्हा हेडमास्तरांनी फर्मान काढलं की प्रत्येक मुलानं घरून रोज एक तांब्या पाणी आणून रांजणात ओतायचं. आमच्या वस्तीतल्या मुलांना मात्र त्यांनी बाजूला बोलावून सांगितलं, "तुम्ही राहू द्या रे. तुमच्याकडं आधीच पाण्याची ओढ आहे." आवाजात केवढी माया! पाण्याची ओढ साऱ्या गावाला होती. पण अडाणी माणूस तोंडावर शिवी देतो आणि शिकलेला सवलत देतो, हे मला तेव्हाच कळलं. आमची तहान शिपाई भागवायचा. तो वरून ओतायचा आणि आम्ही ओंजळीनं प्यायचो.

अशा शाळेतल्या मुलीला सायन्सचं वेड कुठून लागलं, असं कुणी विचारलं तर मी उमरग्याचं नाव सांगते. आईच्या बोटावर खडीचा दगड पडून बोट चेचलं होतं. वडिलांच्या ओळखीच्या एका ट्रकवाल्यानं आम्हा दोघींना उमरग्याच्या दवाखान्यात नेऊन सोडलं. तिथं डॉक्टरीणबाई होत्या. आमच्या पुढं एक फेटेवाले पाटील बसले होते, शेजारच्या गावचे, मिशीला पीळ दिलेले. बाईंनी त्यांना "जीभ काढा" म्हटलं आणि त्यांनी पोरासारखी जीभ बाहेर काढली. बाईंनी त्यांच्या पापण्या ओढल्या, पोट दाबलं, दंडात सुई खुपसली. बाई कुणाची, कुठल्या घरची, हे पाटलांनी विचारलं नाही. मग त्याच हातांनी बाईंनी आईचं बोट धरलं. सायन्स घेतलं की आपण कुणालाही हात लावू शकतो आणि समोरचा वर आभार मानतो, एवढं मी त्या बाकावर बसून शिकले. आमच्या सायन्सच्या सरांनी वर्षभरात जे शिकवलं त्यापेक्षा ते जास्त होतं.

हे सर बी.एस्सी. होते आणि ते तसे आहेत हे दिवसातून एकदा तरी सांगत. त्यांचं सायन्स फळ्यावर चालायचं. आकृती काढा, कृती लिहा, निरीक्षण लिहा, अनुमान लिहा, शेवटी दक्षता लिहा. काहीएक न बघता आम्ही पानंच्या पानं निरीक्षणं लिहिली. वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही, असं आम्ही लिहिलं आणि सरांनी खाली सही केली. सामान एका कपाटात होतं, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला होती. पाहुणे आले की किल्ली निघायची. पाहुण्यांसाठी एकच प्रयोग ठरलेला होता, ऑक्सिजनचा. तोही आम्ही लांबून बघायचा आणि धुमसती उदबत्ती भपकन पेटली की टाळ्या वाजवायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर, वार्षिक परीक्षेआधी, चेअरमनसाहेब येणार असं ठरलं. ते सोसायटीचे चेअरमन होते, आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष होते आणि होऊ घातलेल्या साखर कारखान्याचे प्रवर्तकही होते. कारखाना म्हणजे तेव्हा माळावरचा एक दगड होता, त्याला हळदीकुंकू वाहिलेलं. पिण्याला पाणी नव्हतं त्या साली हे लोक ऊस गाळायला निघाले होते आणि गाव त्यांना हार घालत होतं. त्यांच्या देणगीतून शाळेला दोन कपाटं आणि एक मोठं टेबल मिळालं होतं. एवढ्यावर त्या खोलीला विज्ञान कक्ष म्हणायचं ठरलं आणि त्याचं उद्घाटन करायला ते येत होते.

प्रयोग कोण करणार, हा प्रश्नच नव्हता. पुतण्या आमच्याच वर्गात होता. देखणा होता, कपड्यांना इस्त्री होती, अक्कल बेताची होती. सरांनी त्याच्याकडून आठवडाभर तालीम करून घेतली, पण क्रम काही त्याच्या डोक्यात राहिना. क्रम मला पाठ होता, कारण मला सगळंच पाठ होतं. शेवटी सरांनी मला उदबत्तीचं काम दिलं. मी पेटती उदबत्ती धरून उभं राहायचं आणि त्याच्या कानाशी पुढची पायरी पुटपुटायची. "पण द्रोणीपासून हातभर लांब," सर म्हणाले. "हातभर म्हणजे हातभर. कळलं ना?"

द्रोणी म्हणजे काचेचं पसरट भांडं. त्यात पाणी भरतात, पाण्यात वायुपात्र पालथं ठेवतात, आणि तापत्या नळीला जोडलेल्या वाकड्या नळीतून आलेला वायू पाण्यातून बुडबुडत त्या पात्रात चढतो. तर त्या द्रोणीत रांजणातलंच पाणी ओतलं होतं, पोरांनी घरून तांब्या-तांब्यानं आणलेलं. प्रयोग झाला की ते गाळून परत रांजणात टाकायचं, असं हेडमास्तरांनी सांगून ठेवलं होतं. त्या साली ते बरोबरही होतं. रबरी नळी, बूच, स्टँडचा गंज आणि पुतण्याची नखं, एवढं सगळं त्या पाण्यात जाणार होतं आणि ते चालणार होतं. माझी काळजी तेवढी घेतली होती.

चेअरमनसाहेब आले. पांढरी टोपी, पांढरं धोतर, मागं गाव. ते टेबलाला नाक लावून बसले, कारण त्यांना ऑक्सिजन जवळून बघायचा होता. पुतण्यानं स्पिरिटचा दिवा लावला. नळी तापली, बुडबुडे आले, पात्र भरलं. मी कानाशी पुटपुटत होते तोवर सगळं सरळ चाललं होतं. पण काकांनी मधेच "शाब्बास!" म्हटलं आणि गडी फुगला. आपलं आपणच करायचं त्यानं मनावर घेतलं आणि ऐटीत फुंकर मारून दिवा विझवला.

आमच्या वहीत 'दक्षता' या मथळ्याखाली एक वाक्य होतं. आधी नळीचे तोंड पाण्याबाहेर काढावे, मगच दिवा दूर करावा. अन्यथा थंड पाणी वर चढून तापलेली नळी फुटते. सरांनी वर्षभर सांगितलेलं एवढं एक वाक्य कामाचं होतं, आणि ते त्यांच्यासकट सगळे विसरले होते. पाणी नळीत चढायला लागलं. मला ते दिसत होतं. मी "नळी काढ, नळी काढ" म्हणाले. पुतण्या हसऱ्या तोंडानं टाळ्यांची वाट बघत होता. सर पाहुण्यांकडं बघत होते. पाणी काचेच्या वाकणापर्यंत आलं, तेव्हा मी उदबत्ती टाकली, मनगटापर्यंत हात द्रोणीत घातला आणि नळीचं तोंड ओढून बाहेर काढलं.

नळी वाचली. चेअरमनसाहेबांचं तोंडही वाचलं, पण ते त्यांना कळलं नाही. सगळे माझ्या ओल्या हाताकडं बघत होते. मग हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, आणि चेअरमनसाहेब भाषणाला उभे राहिले. कारखाना उभा राहणार, त्याला केमिस्ट लागणार, ते काय बाहेरून आणायचे? म्हणून पोरांनो, सायन्स घ्या. विज्ञानानं माणूस डोळस होतो, अंधश्रद्धा पळून जाते, असंही ते म्हणाले. ते हे म्हणत असताना सरांनी शिपायाकडं बघून भुवई उडवली. शिपायानं चेअरमनसाहेबांच्या पाठीमागून द्रोणी उचलली आणि बाहेर नेली.

मी खिडकीतून बघत होते. त्या उन्हाळ्यात पाणी मातीत ओतायला शिपायाचा जीव होईना. तो द्रोणी धरून थोडा वेळ घुटमळला. मग शाळेमागं हेडमास्तरांची म्हैस बांधलेली असायची, तिच्यापुढं त्यानं ते ठेवलं. म्हैस तळाला जीभ लागेपर्यंत प्यायली. संध्याकाळी तिचं दूध निघालं असेल आणि त्याचा चहा घरातल्या सगळ्यांनी घेतला असेल. त्याला कुणाची हरकत नव्हती, कारण मधे म्हैस होती. मला त्या दिवशी रडू आलं नाही. मला त्यांची किळस आली, आणि खरं सांगायचं तर ती अजून गेलेली नाही.

परीक्षा झाली. गणितात आणि सायन्समध्ये वर्गात माझे मार्क सगळ्यांत जास्त होते. निकालाबरोबर नववीची वाटणी सांगितली. पुतण्याला वरचं गणित, तलाठ्याच्या मुलाला वरचं, दुकानदाराच्या मुलाला वरचं. मला खालचं.

दुसऱ्या दिवशी वडील मला घेऊन शाळेत गेले. वडील माझे फार नरम माणूस. सडकेवर मुकादमानं हाक मारली की फावडं टाकून पळायचे. हेडमास्तरांपुढं ते खाकी टोपी हातात घेऊन उभे राहिले. सायन्सचे सर बाजूच्या खुर्चीत पेन्सिलीनं कान कोरत होते.

"गुरुजी, लेकीला वरचं गणित द्या म्हनायला आलोय," वडील म्हणाले.

"अरे, मुलीच्या जातीला काय करायचंय बीजगणित?" हेडमास्तर माझ्या वडिलांपेक्षा लहान होते, पण अरे-तुरेत बोलत. "बाजारहाटाचा हिशेब आला की झालं. आणि तिला शिस्त नाही. चांगला कार्यक्रम चालला होता, पाहुण्यांदेखत मधे घुसली. शाळेची अब्रू गेली."

"व्हय जी," वडील म्हणाले.

त्या 'व्हय जी'नं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या क्षणी मला हेडमास्तरांपेक्षा वडिलांचा जास्त राग आला.

"मग दाखला द्या," वडील म्हणाले.

"कुणाचा?"

"हिचा. आन् आमच्या वस्तीतल्या बाकी पोरांचा बी. समद्यांचे बाप भाईर हुबे हायती. उमरग्याला घालतो म्हनं समद्यास्नी."

सरांची पेन्सिल कानातच राहिली. हेडमास्तर उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. बाहेर लिंबाखाली आमची सगळी वस्ती उभी होती. कुणी बोलत नव्हतं, कुणी आतही बघत नव्हतं. वडिलांनी आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन हे ठरवलं होतं आणि घरी आम्हाला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता.

आता हेडमास्तर का घाबरले ते सांगते. दुष्काळानं निम्मं गाव कामाच्या शोधात बाहेर पडलं होतं आणि पोरंही आईबापांबरोबर गेली होती. वर्गाच्या पटावर ठरलेली संख्या भरली नाही तर वरचे अधिकारी वर्ग बंद करत. वर्ग गेला की शिक्षक जादा होत आणि जादा शिक्षकाची खुर्ची जाई. नववीचा पट आमच्या वस्तीच्या पोरांवर टिकला होता. पाण्याला आम्ही चालत नव्हतो, पटाला चालत होतो. आणि बी.एस्सी. सर सगळ्यांत नवे असल्यामुळं पहिली खुर्ची त्यांचीच जाणार होती.

"सर, पट..." ते हळूच म्हणाले.

"कळतंय मला," हेडमास्तर खेकसले. मग वडिलांकडं वळून हसले. ते हसू अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. देवळात चप्पल चोरताना पकडलेल्या माणसाचं असतं तसं. "अहो, बसा की तुम्ही. उभे का? एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं." शिपायाला हाक मारली, "अरे, ह्यांना पाणी आण!"

शिपाई आला आणि दारातच थांबला. कुठल्या भांड्यात आणायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो हेडमास्तरांकडं बघायला लागला, हेडमास्तर सरांकडं, सर जमिनीकडं. तीन सरकारमान्य माणसं एका पेल्यापाशी अडली होती.

वडिलांनी टोपी डोक्यावर घातली. "पानी नगं, गुरुजी," ते म्हणाले. "गणित द्या."

हेडमास्तरांनी दिलं.

तर माझी विज्ञानाकडं वाटचाल अशी झाली. गुणवत्तेनं नाही, प्रोत्साहनानं तर नाहीच. शाळेचा एक वर्ग आणि एका बी.एस्सी.ची खुर्ची वाचवण्यासाठी मला वरचं गणित मिळालं. नववीच्या त्या वर्गात मुलगी मी एकटीच होते. आणि माझ्यावर उपाय म्हणून आमच्या शाळेनं काय केलं? प्रयोग बंद केले. पुढची तीन वर्षं कपाटाची किल्ली निघाली नाही, पाहुणे आले तरी निघाली नाही. पाहुण्यांपुढं मुली स्वागतगीत म्हणू लागल्या. सगळ्या वर्गानं हायड्रोजन, क्लोरीन, अमोनिया फळ्यावर बघितले, माझ्यापायी. माझा हात पाण्यात जाऊ नये म्हणून त्यांनी पाणीच काढून टाकलं. कुणी तक्रार केली नाही. पुतण्याला तर बरंच वाटलं असणार. पुढं कारखाना उभा राहिला, केमिस्ट बाहेरून आले आणि पुतण्या उसाच्या वजनकाट्यावर बसला. अजूनही कुठं भेटला तर आपण सायन्सचे विद्यार्थी, असं म्हणतो.

मी सोलापूरच्या कॉलेजात गेले. पहिलंच प्रॅक्टिकल ऑक्सिजनचं निघालं. मांडणी मी एकटीनं केली, आधी नळी काढली, मग दिवा विझवला, डेमॉन्स्ट्रेटरनं बघून मान हलवली. मग मी द्रोणी दोन्ही हातांनी उचलली आणि मोरीकडं निघाले. मला कुणी सांगितलं नव्हतं. आपला हात लागला की पाणी फेकायचं असतं, असं माझ्या हातांनाच वाटत होतं.

"ए मुली, पाणी कुठं चालवलंस?" डेमॉन्स्ट्रेटर ओरडला. "नळ गेलाय. ठेव तिथंच. पुढची बॅच त्यातच करेल."

मी ठेवलं. घंटा झाली, पुढची बॅच आली. माझ्या टेबलाशी चार मुलं उभी राहिली, बाह्या सारून त्यांनी त्या पाण्यात हात घातले आणि पात्र कुणी धरायचं यावरून आपसात भांडायला लागली. मी दाराशी उभी राहून बघत होते. त्यातल्या एकाला घाम आला होता. त्यानं ओल्या हातानं तोंड पुसलं, ओठ पुसले, आणि परत हात पाण्यात घातला. इतका आनंद मला मॅट्रिकच्या निकालालाही झाला नव्हता.